निरोगी दिसणारी डुकरं

पहाटे ५.१५

डेन्मार्कच्या जटलंड भागात फेब्रुवारीत उशिरा उजाडतं, पण फार्मवरची कामं त्याआधीच सुरू होतात. मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले. आता इथल्या एका दवाखान्यात फक्त डुकरांचं काम बघते. या देशात माणसं साठ लाखांच्या आसपास, आणि वर्षाला जन्मणारी डुकरं तीन कोटींच्या आसपास. मांसाचा बहुतेक भाग परदेशी जातो. म्हणून इथल्या एखाद्या कप्प्यात काय चाललंय, याचा संबंध वॉर्सातल्या आणि टोकियोतल्या ताटांशीही असतो.

आजचा मालक एक, पण जागा दोन. पहिल्या जागी डुकरिणी आणि दूध तोडलेली पिल्लं. तिथून काही किलोमीटरवर मांसासाठी वाढणारी मोठी डुकरं. आधी लहान, मग मोठी. आधी स्वच्छ जागा, मग शंकेची. हा क्रम आम्ही कधीही उलटा करत नाही. मोठ्या डुकरांच्या शेडमध्ये एकदा पाय टाकला की त्या दिवशी पिल्लांकडे परत जाणं नाही.

सकाळी ६.००

मंगळसूत्र, अंगठी, घड्याळ गाडीतच ठेवते. फार्मच्या दारात एक लांब बाकडं आडवं टाकलेलं असतं. अलीकडे बाहेरचं जग, पलीकडे फार्म. अलीकडचे बूट अलीकडेच काढायचे, पाय जमिनीला न टेकवता बाकड्यावरून फिरवायचे, शॉवरखाली जायचं, आणि पलीकडे फार्मचेच कपडे नि फार्मचेच गमबूट घालायचे. साबणाने हात धुतल्याशिवाय दाराच्या कडीला हात लावलेला इथल्या कामगारांना चालत नाही, आणि ते मला तसं स्पष्ट सांगतात. त्याचं मला बरं वाटतं.

ही शिस्त दोन्ही बाजूंनी आहे. डेन्मार्कमध्ये रुग्णालयात दाखल होताना ‘डुकरांशी संबंध येतो का?’ असं विचारतात. ‘हो’ म्हटलं की नाकातून स्वॅब घेतात, कारण एमआरएसए या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचा सीसी ३९८ हा प्रकार इथल्या बहुतेक वराहफार्मांवर पसरलेला आहे. डुकराला त्याचा काही त्रास नाही. पण माझ्या नाकातून तो एखाद्या शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या जखमेपर्यंत जाऊ शकतो. घरी जाण्याआधी इथेच पुन्हा आंघोळ करते ती त्यासाठी.

सकाळी ६.३०

व्यालेल्या डुकरिणींची खोली. इथली डुकरीण एका वेताला सरासरी सतराहून जास्त जिवंत पिल्लं देते, आणि तिला सड असतात चौदा ते सोळा. उरलेल्या पिल्लांना दुसरी डुकरीण दाई म्हणून लावतात. पिल्लं इकडून तिकडे हलतात आणि त्यांच्याबरोबर एका वेताचे जंतू दुसऱ्या वेतात जातात. कित्येक वर्षं निवड करून करून ही संख्या वाढवत आणली आहे. मला तिचा अभिमान वाटत नाही. पिल्लं हलकी जन्मतात, चीक सगळ्यांना पुरत नाही, आणि ज्याला पहिल्या दिवशी चीक कमी पडला ते पिल्लू पुढे महिनाभर मागेच राहतं.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पिल्लांना आईपासून तोडतात. डुकरीण मोकळी असती तर तिने हेच दूध तीन-चार महिन्यांत हळूहळू आटवलं असतं. इथे एका सकाळी आई जाते, दूध जातं, खोली बदलते, अनोळखी पिल्लांशी मारामारी सुरू होते, आणि पुढ्यात येतं कोरडं खाद्य. आज दिवसभर मी जे निर्णय घेणार आहे, त्यातले अर्धे या सकाळीच ठरून गेलेले असतात.

सकाळी ७.३०

दूध तोडलेल्या पिल्लांच्या खोलीचं दार उघडण्याआधी मी काचेतून पाहते. माणूस आत आला की सगळी पिल्लं उठतात, आणि आजारी कोण ते कळेनासं होतं. खोलीत जवळपास तीस अंश उष्णता. सहा-सात किलोंची पिल्लं झाकणाखाली एकमेकांना चिकटून झोपलेली. तोडून आज सहावा दिवस. तिसऱ्या आणि पाचव्या कप्प्यात शेपटीखालची कातडी ओली आहे, फरशीवर पिवळसर पाणी, दोन-तीन पिल्लांचे डोळे आत गेलेले. हगवण लागली आहे.

रात्री मेलेलं एक पिल्लू बाहेरच्या खोलीत उघडलं. जठर खाद्याने गच्च, लहान आतडं पातळ पडून पाण्याने फुगलेलं. ओल्या विष्ठेला कागदी पट्टी लावली, ती अल्कलीकडे झुकली. हे चित्र ई. कोलायचं. एफ-४ किंवा एफ-१८ नावाचे धागे असलेला हा जंतू आतड्याच्या अस्तराला धरून बसतो आणि त्याचं विष पिल्लाच्या अंगातलं पाणी आतड्यात ओढतं. अंदाज असा असला तरी पाच पिल्लांचे स्वॅब घेतले. पोटाच्या किंवा फुप्फुसांच्या आजारासाठी गटाला औषध द्यायचं, तर इथे नमुना प्रयोगशाळेत जावाच लागतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत ही हगवण झिंक ऑक्साइडने दबून राहायची. तोडल्यानंतरचे दोन आठवडे किलोभर खाद्यात अडीच ग्रॅम जस्त. जून २०२२ पासून युरोपीय संघाने ते बंद केलं. जस्त शेतात साचत होतं, आणि ज्या जंतूंमध्ये धातू पचवण्याची जनुकं असतात, त्यांच्यात अनेकदा शेजारीच औषधांना दाद न देणारी जनुकंही असतात. बंदी योग्यच होती. पण तोडण्याचं वय तेच राहिलं, वेताची संख्या तीच राहिली, आणि जस्ताची जागा काही फार्मांवर निओमायसिनने घेतली. वेळ असूनही आपण फक्त पिशवी बदलली, पद्धत बदलली नाही, ही माझी तक्रार आहे. खाद्यातलं प्रथिन कमी करणं, तोडण्याआधी तोंडावाटे जिवंत लस देणं, पाच आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवणं: ज्या फार्मांनी हे मनावर घेतलं, तिथे मला औषध लिहावं लागतं ते क्वचित.

कामगार बाई पाण्याच्या टाकीकडे निघाली होती. खोलीभर एकच नळ, टाकीत पावडर ओतली की सगळ्या कप्प्यांत औषध पोचतं. मी तिला थांबवलं. या दोनच कप्प्यांना द्यायचं: नळ बंद करून, कुंडीत वजनाप्रमाणे मोजून, दिवसातून दोनदा. बाकीच्यांना क्षाराचं पाणी आणि कोरडं अंथरूण.

खोलीभर औषध सोडणं मला का खटकतं? आजारी पिल्लू पाणी कमी पितं. निरोगी पिल्लू भरपूर पितं. म्हणजे औषध सगळ्यांत जास्त जातं त्याला, ज्याला त्याची गरज नाही. आणि ज्याला गरज आहे त्याला मिळतो अपुरा डोस. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात पुढेही काही दिवस थोडं थोडं औषध झिरपत राहतं. जंतू मरणार नाही पण सवय होईल, एवढंच. आणि निरोगी पिल्लांच्या आतड्यात त्या वेळी कोण बसलंय, हे बाहेरून दिसत नाही.

साल्मोनेला तिथेच असतो. पिल्लू खातं, वाढतं, धावतं. ताप नाही, हगवण नाही. जंतू टॉन्सिलमध्ये, अंधांत्रात, आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींत मुक्काम करतो आणि अधूनमधून विष्ठेतून बाहेर पडतो. आईच्या चिकातून आलेलं संरक्षण ओसरलं की, म्हणजे याच खोल्यांमध्ये, तो एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागतो. साल्मोनेलासाठी म्हणून मी कधीच अँटिबायोटिक लिहीत नाही. त्याने तो जात नाही. पण ई. कोलायसाठी लिहिलेलं औषध त्याच्या अंगावरूनही जातं. आतड्यातले त्याचे स्पर्धक मरतात. तो त्या औषधाला दाद न देणारा असेल, तर त्याला मोकळं रान मिळतं, आणि विष्ठेतून तो आधीपेक्षा जास्त पडू लागतो.

सकाळी ९.१५

नाश्त्याला राईचा पाव, चीज, काळी कॉफी. टेबलाभोवती युक्रेनहून आलेलं एक जोडपं, एक रुमानियन तरुण आणि मालक. इथे सगळे एकमेकांना नावाने आणि अरे-तुरे करूनच बोलतात. मालक आणि मीही.

“एक पिशवी टाकीत टाकली की दहा मिनिटांचं काम,” मालक म्हणाला. “तू सांगतेस ते दोन माणसांचं, तेही रोज दोन वेळचं.”

“पाच दिवसांचं आहे,” मी म्हटलं. “आणि खोलीभर दिलंस तर त्याचा हिशेब तुझ्याच नावावर चढणार.”

तो हिशेब त्याला पाठ आहे. २०१० पासून डेन्मार्कमध्ये ‘पिवळं कार्ड’ आहे. शंभर जनावरांमागे रोजचे किती डोस वापरले, याला वयोगटाप्रमाणे मर्यादा. ती ओलांडली की नोटीस येते, आणि नऊ महिन्यांत वापर खाली आणावा लागतो. सगळी औषधं सारखी मोजत नाहीत. साधं पेनिसिलिन एकपट. फ्लुरोक्विनोलोन, नव्या पिढीचे सेफालोस्पोरिन आणि कोलिस्टिन दहापट. माणसासाठी मोलाची असलेली ही औषधं डुकराला देणं कायद्याने अशक्य केलेलं नाही, पण ते इतकं महाग पडतं की हात आपोआप मागे येतो. कोलिस्टिनला दहाचा गुणक लागला आणि डुकरांमधला त्याचा वापर जवळजवळ थांबला.

या सगळ्याच्या आधीची एक सुधारणा मला सर्वांत मोठी वाटते. १९९५ पासून इथला पशुवैद्य औषध विकून नफा कमावू शकत नाही. मी चिठ्ठी लिहिते, औषध फार्मसी देते. मी कमी लिहिलं तर माझं उत्पन्न कमी होत नाही, उलट सल्ल्यासाठी मला वेळ मिळतो. डॉक्टरच्या खिशाचा आणि पिशवीचा संबंध तोडल्याशिवाय कुठल्याही देशाने मोठमोठे आराखडे लिहू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

जुने लोक अजून सांगतात की १९९४ मध्ये या देशातल्या जनावरांना दोनशे टनांहून अधिक अँटिबायोटिक जात होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त आजारासाठी नव्हती. वजन लवकर वाढावं म्हणून रोजच्या खाद्यात थोडी थोडी मिसळलेली होती. अव्होपार्सिन १९९५ मध्ये बंद झालं, व्हर्जिनियामायसिन १९९८ मध्ये. त्याच वर्षी मोठ्या डुकरांचं आणि १९९९ संपेपर्यंत पिल्लांचंही असं खाद्य शेतकऱ्यांनी स्वतःहून थांबवलं. युरोपीय संघाला तिथे पोचायला २००६ उजाडलं. धंदा बुडेल असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पिल्लांमध्ये हगवण काही काळ वाढलीही. पण डुकरांची संख्या त्यानंतरही कित्येक वर्षं वाढतच गेली.

निघताना औषधांची खोली पाहिली. बाटल्यांवर तारखा, फ्रिजचं तापमान, भिंतीवर डोसाचा तक्ता डॅनिश, इंग्रजी आणि युक्रेनियनमध्ये. युक्रेनियन बाईने वजनकाटा आधीच कप्प्याजवळ नेऊन ठेवला होता.

सकाळी ११.००

दुसरी जागा. पुन्हा बाकडं, पुन्हा शॉवर, वेगळे बूट. इथे तीस किलोंपासून सव्वाशे किलोंपर्यंतची डुकरं. केस चकचकीत, भूक चांगली, खोकला नाही. एखाद्या प्रदर्शनात उभी करावीत अशी.

तरीही या जागेचा साल्मोनेलाचा दर्जा गेल्या काही महिन्यांत एकवरून तीनवर गेला आहे. हे कळतं कत्तलखान्यात. डुकराच्या मानेच्या स्नायूचा छोटा तुकडा गोठवतात, मग वितळू देतात, आणि त्यातून सुटलेल्या रसात साल्मोनेलाविरुद्धची प्रतिद्रव्यं तपासतात. १९९५ पासून देशभर हे चालू आहे. दर्जा तीन आला की भाव कापला जातो, आणि त्या फार्मची डुकरं कत्तलखान्यात वेगळी, जादा काळजीने हाताळली जातात. ही पद्धत आली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डुकराच्या मांसातून होणारी आजारपणं शिगेला पोचल्यावर. नंतरच्या आठ-दहा वर्षांत ती खूप खाली आली.

प्रतिद्रव्यं एवढंच सांगतात की जंतू येऊन गेला. कुठून आला, ते फरशीवर शोधायचं असतं. गेल्या आठवड्यात पिल्लांच्या शेवटच्या खोलीतून आणि इथल्या दोन इमारतींतून नमुने घेतले होते. आज राहिलेल्या जागा. प्रत्येक कप्प्यात पाच ठिकाणची ताजी विष्ठा, मिळून पंचवीस ग्रॅम, एका डबीत. मग ज्या जागांवर माझा जास्त संशय आहे त्या: नुकताच धुतलेला रिकामा कप्पा, गाडीत डुकरं चढवायचा उतार, फावड्याचा दांडा, खाद्याच्या नळाखालची धूळ, भिंतीच्या कडेची उंदरांची लेंडी. वाळलेल्या विष्ठेत साल्मोनेला महिनोन्महिने तग धरतो. नवी डुकरं स्वच्छ असली तरी जुना कप्पा त्यांना तो देतो.

धुतलेल्या कप्प्याच्या कोपऱ्यात कुंडीखाली बोट फिरवलं तर राखाडी थर हाताला लागला. रुमानियन तरुणाला दाखवला. तो काही न बोलता साबणाचा फेस मारायचं यंत्र घेऊन आला. आधी भिजवणं, मग फेस, मग प्रेशरचं पाणी, मग वाळवणं, मग जंतुनाशक, आणि मग पुन्हा पूर्ण वाळवणं. वाळवणं लोक सोडतात, कारण तेव्हा कप्पा रिकामा राहतो आणि रिकामा कप्पा पैसे मिळवत नाही. पण ओल्या फरशीवर जंतुनाशक पातळ होतं, आणि साल्मोनेलाला वाढायला ओल लागते.

दुपारी १.३०

दवाखान्यात डबा उघडण्याआधी मेल उघडला. गेल्या आठवड्याच्या नमुन्यांचा अहवाल. साल्मोनेला असा पटकन सापडत नाही. आधी साध्या पोषक पाण्यात एक रात्र, मग ४१.५ अंशांवर अर्धवट घट्ट माध्यमात, जिथे तो पोहत पुढे सरकतो आणि बाकीचे मागे राहतात. मग लाल रंगाच्या थाळीवर त्याच्या काळ्या मध्याच्या वसाहती, मग प्रतिरसाने प्रकाराची ओळख, आणि शेवटी कुठल्या औषधाला तो दाद देतो त्याची तपासणी. घाई करणाऱ्या माणसाला हे काम जमत नाही.

तिन्ही ठिकाणी एकच जंतू: साल्मोनेला टायफिम्युरियमचा एकप्रावस्थ प्रकार, युरोपच्या वराहफार्मांवर या शतकात सर्वत्र पसरलेला. अँपिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फोनामाइड, टेट्रासायक्लिन: चारही औषधांना दाद नाही. या कुळातल्या बऱ्याच जंतूंमध्ये तांब्याला तोंड देणारी जनुकंही असतात, आणि तांबं पिल्लांच्या खाद्यात असतंच. युरोपात त्याची कमाल मर्यादा कमी केली आहे, शून्य नाही.

पिल्लांच्या शेवटच्या खोलीत हा जंतू आहे, ही या अहवालातली मोठी गोष्ट. त्या खोलीत दहाव्या आठवड्याच्या आसपास लॉसोनिया नावाच्या जंतूची हगवण येते, आणि तिच्यासाठी टेट्रासायक्लिन पाण्यातून दिलं जातं. नियमाप्रमाणे, नमुना तपासून, मर्यादेच्या आत. प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे बरोबर आहे. पण दर खेपेला तिथली संवेदनशील जंतूंची गर्दी हटते आणि हा टिकतो. मग मोठ्या झालेल्या डुकराबरोबर दुसऱ्या जागी जातो, आणि तिथून कत्तलखान्यात. वाटेत गाडीतली दाटी, भूक, अनोळखी शेजारी यांच्यामुळे डुकरं एरवीपेक्षा जास्त जंतू टाकतात, आणि कत्तलखान्याच्या थांबण्याच्या कप्प्यात काही तासांत निरोगी डुकरालाही ती लागण होऊ शकते.

असा जंतू माणसात येऊन काय करतो, याचा धडा या देशाने १९९८ मध्ये घेतला. डीटी १०४ नावाच्या, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या साल्मोनेलाची साथ आली. पंचवीस जणांमध्ये तो प्रयोगशाळेत सिद्ध झाला, अकरा जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, दोघं दगावले. जंतूंचे ठसे जुळवत जुळवत तपास पोचला तो एका डॅनिश वराहफार्मवर. फ्लुरोक्विनोलोनचा परिणामही त्या जंतूवर घटलेला होता. संशोधक कोरे मॉलबाक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि २००२ मध्ये जनावरांतल्या फ्लुरोक्विनोलोनवर कडक बंधनं आली. हे जुळवता आलं, कारण १९९५ पासून डॅनमॅप या कार्यक्रमात जनावरं, मांस आणि माणसं यांच्यातले जंतू एकत्र पाहिले जात होते. माणसांचे डॉक्टर आणि आम्ही एकाच तक्त्यात लिहितो, यावर माझा फार जीव आहे. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबाला माणसालाही अँटिबायोटिक लागत नाही. पाणी आणि क्षार पुरतात. पण जंतू रक्तात उतरला, रुग्ण तान्हं मूल असलं किंवा केमोथेरपीवरची आजी असली, तर तेव्हा औषध चालायलाच हवं.

मालकाला फोन केला. तीन गोष्टी मांडल्या. पहिली, लॉसोनियाची लस. खर्च आहे, पण टेट्रासायक्लिनची ती ठरलेली फेरी बंद होईल; लॉसोनिया आटोक्यात राहिला तर साल्मोनेलाही कमी पडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. दुसरी, मोठ्या डुकरांचं खाद्य जाडसर भरडायचं, गोळी करायची नाही. बारीक गोळीचं खाद्य जठरात पातळ होऊन झटकन पुढे जातं. जाडसर भरड तिथे थांबते, आंबते, आम्ल टिकून राहतं, आणि साल्मोनेला त्या आम्लातून पार होताना मोठ्या संख्येने मरतो. डुकरांचे जठराचे व्रणही कमी होतात. तिसरी, कप्पे वाळवणं आणि उंदीर.

“भरड खाद्य म्हणजे किलोमागे जास्त खाद्य लागणार,” तो म्हणाला.

“लागणार,” मी म्हटलं. “त्याच्यासमोर तिसऱ्या दर्जाची कपात मांडून बघ.”

तो गणित घालून उद्या सांगणार आहे. लसीला मात्र लगेच हो म्हणाला.

दुपारी ३.१५

चिठ्ठ्या भरणं. कुठला फार्म, कुठला वयोगट, कुठला आजार, किती औषध. सगळं २००० सालापासून व्हेटस्टॅट या सरकारी नोंदणीत जातं. देशातल्या जनावरांच्या अँटिबायोटिकपैकी सुमारे तीन-चतुर्थांश डुकरांना जातात, हे छातीठोकपणे सांगता येतं ते या कंटाळवाण्या रकान्यांमुळे.

दुपारी ४.००

तिकडे रात्रीचे साडेआठ. परळचाच, मला बराच ज्युनिअर असलेला एकजण कोल्हापूर जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी आहे, त्याचा फोन.

“मॅडम, इथे एकाने पन्नास माद्यांचं युनिट टाकलंय. लार्ज व्हाइट यॉर्कशायर. पिल्लांना हगवण लागलीय. त्याला कुणीतरी सांगितलंय, सगळ्यांच्या खाद्यात डॉक्सी-निओची पावडर मिसळ.”

“तोडतोय कितव्या दिवशी?”

“अठ्ठाविसाव्या. डेन्मार्कचे व्हिडिओ बघून.”

मला वाईट वाटलं. आमच्याकडच्या अठ्ठावीस दिवसांमागे तीस अंशांची खोली, मोजलेलं प्रथिन, लस आणि महिन्याकाठी येणारा पशुवैद्य असतो. एवढं असूनही पिल्लं आजारी पडतात. तिकडची सहा ते आठ आठवड्यांची जुनी पद्धत मागासलेली नव्हती. त्याला म्हटलं, आधी तोडणं सहा आठवड्यांवर ने. वर्षाला वेतं थोडी कमी होतील, पिल्लं जगतील.

“खायला काय घालतो?”

“हॉटेलचं खरकटं. गाडी फिरते रोज.”

“उकळतो का?”

“कधी कधी.”

इथे मी आवाज चढवला. खरकट्यात कोंबडीचे, अंड्यांचे, मांसाचे तुकडे असतात. साल्मोनेलाला फार्मवर यायचा तो राजमार्ग आहे. उकळी आल्यावर अर्धा तास, ढवळत, रोज. आफ्रिकन स्वाइन फीव्हरही याच वाटेने येतो, आणि २०२० पासून तो भारतात आहे. त्याला औषध नाही, डुकरं झपाट्याने मरतात. कच्चं खरकटं ओतायची बादली आणि उकळलेलं वाढायची बादली वेगळी, रंगाने वेगळी.

“त्याचा प्रश्न होता, साल्मोनेला म्हणजे टायफॉइडच का?”

“भाऊबंद. टायफॉइडचा जंतू फक्त माणसात राहतो. हा जनावरातून येतो. पण दोघांवर डॉक्टर वापरतात ती औषधं बरीचशी तीच आहेत. आणि त्याच्या घरातली पोरं शेडमध्ये खेळत असतील तर आधी त्यांचे हात धुवायला लाव.”

पावडरच्या पाकिटाचा फोटो मागवला. कोलिस्टिन नव्हतं त्यात. भारताने जुलै २०१९ मध्ये ते अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरिता बंद केलं, ते चांगलंच झालं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला निकामी करणारं, एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाणारं एमसीआर-१ हे जनुक दाखवलं. डॅनिश संशोधकांनी त्यांच्याकडे साठवलेल्या जंतूंची जनुकं तपासली, तर काही आठवड्यांत तेच जनुक एका डॅनिश रुग्णाच्या रक्तातल्या जंतूत आणि आयात केलेल्या कोंबडीच्या मांसात सापडलं. कोल्हापूर आणि जटलंड एकमेकांपासून दूर आहेत असं या बाबतीत कुणी समजू नये.

“पावडर घालू नकोस,” मी म्हटलं. “आजारी पिल्लं वेगळी काढ, क्षाराचं पाणी दे, फार खंगलेल्यांनाच वजन करून औषध. औषध देण्याआधी पाच पिल्लांचे स्वॅब घे आणि बर्फावर औंधच्या रोग अन्वेषण विभागाला पाठव. अहवालात कुठल्या औषधाला दाद देतो, तेही लिहून माग.”

“अहवाल यायला वेळ लागतो मॅडम. शेतकरी थांबत नाही.”

ही अडचण खरी आहे आणि फोनवरून ती सुटत नाही. तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे एक मोटरसायकल आणि अख्खा तालुका असतो. त्याने उद्या सकाळी स्वतः जायचं ठरवलं. खरकटं उकळायला शेतकऱ्याला मोठं पातेलं आणि चूल लागणार होती. ती तो गावातल्या मांडववाल्याकडून मिळवून देतो म्हणाला. मला हे आवडलं.

संध्याकाळी ७.१०

जेवायला बसताना युक्रेनियन बाईचा मेसेज आला. तिसऱ्या कप्प्यातली पिल्लं औषध प्यायली, दोन अजून सुस्त आहेत, त्यांना तिने हाताने पाजलं. पाचव्यात सुधारणा. आठव्या कप्प्यात मात्र संध्याकाळी दोन पिल्लांच्या शेपट्या ओल्या दिसल्या. खाली प्रश्न: आता टाकीत घालू का?

मी लिहिलं: नको. आठव्यातल्या त्या दोघांना बाजूच्या छोट्या कप्प्यात हलव, दोघांचंही वजन कर, आणि सकाळी सहाला पूर्ण आठवा कप्पा बघून मला फोटो पाठव. आणखी तीन ओली असतील तर त्या कप्प्याला सुरू करू, खोलीला नाही.

दोन मिनिटांत तिने वजनं पाठवली: ६.४ आणि ५.९.